मुंग्यांची वाट शोधणारे गुरुजी
चार्ल्स हेन्री टर्नर

साखरेच्या डब्याभोवती मुंग्या जमल्या की आपण त्या झटकून टाकतो. पण तोंडात दाणा धरून निघालेली इवलीशी मुंगी आपले वारूळ नेमके कसे गाठते, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. याच प्रश्नाचा ध्यास घेतलेल्या एका थोर शिक्षकांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

चार्ल्स हेन्री टर्नर यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या देशातील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, पण भेदभाव संपला नव्हता. वडील चर्चमध्ये देखभालीचे काम करीत, आई रुग्णांची शुश्रूषा करी. मुलाने मात्र शिक्षणाची कास धरली आणि १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता मुंग्यांचे घरी परतणे. मुंगी केवळ वासाच्या मागावर चालते, किंवा तिला घराकडे ओढणारी एखादी उपजत शक्ती असते, असे त्या वेळी पुष्कळांना वाटे. टर्नर यांनी पुठ्ठ्याचा एक उंच मंच केला, त्यावरून वारुळाकडे उतरती वाट ठेवली आणि मुंग्यांची पिल्ले मंचावर ठेवली. मुंग्या पिल्ले उचलून घरी नेण्याची वाट शिकल्या. मग त्यांनी कधी वाट बदलली, तर कधी दिव्याची जागा. दिवा हलला की मुंग्या गोंधळत. त्यावरून टर्नर यांनी दाखवून दिले की मुंगी प्रकाशाची दिशा पाहते, अनुभवातून शिकते आणि शिकलेले ध्यानात ठेवते. घर शोधताना मुंगी ज्या गिरक्या घेते, त्यांना कॉर्नेट्झ या अभ्यासकांनी १९१० मध्ये टर्नर यांचेच नाव दिले.

एवढी विद्वत्ता असूनही मोठ्या विद्यापीठांत त्यांना जागा मिळाली नाही. १९०८ पासून १९२२ पर्यंत ते सेंट लुईस येथील समनर हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलांना शिकवीत राहिले. हाताशी प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाहीत, दिवसभर वर्ग घ्यायचे. तरीही मधमाश्यांना रंग ओळखता येतात, हे त्यांनी उद्यानात प्रयोग करून दाखवले. आयुष्यभरात त्यांनी सुमारे सत्तर शोधनिबंध लिहिले. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली आणि १४ फेब्रुवारी १९२३ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे छप्पन्न वर्षांचे होते.

मुंग्या सूर्याच्या दिशेवरून वाट धरतात आणि वाटेवरील देखावे लक्षात ठेवतात, हे आज शास्त्रज्ञ जाणतात. त्या ज्ञानाच्या पायात टर्नर गुरुजींचा तो पुठ्ठ्याचा मंच आहे. विद्यापीठाचे दार बंद होते म्हणून त्यांनी ना अभ्यास सोडला, ना शाळेतली मुले. पुढच्या वेळी अंगणात मुंग्यांची रांग दिसली, तर आपल्या मुलाबाळांना ती थोडा वेळ न्याहाळू द्यावी, एवढीच आमची विनंती.