डॉ. खानोलकर : कॅन्सर रक्तात शोधायचा की पानाच्या डब्यात?

जनुकांची माहिती आणि आजारांच्या नोंदी एकत्र ठेवून संशोधन करायचं, हे ऐकायला अगदी आजचं वाटतं. मुंबईत एका मराठी डॉक्टरांनी हे काम १९४० च्या दशकात कागदावर सुरू केलं होतं. त्यांचं नाव वसंत रामजी खानोलकर.

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी करून ते परतले आणि मुंबईतल्या मेडिकल कॉलेजांत शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन पुढे त्यांच्याकडे आलं.

तिथे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण ढिगाने येत. ओळीने आलेल्या अशा १००० रुग्णांचा आढावा खानोलकरांनी १९४४ मध्ये छापला. पण कोणत्या समाजात कोणता कॅन्सर जास्त, हे सारखं नव्हतं. का?

खरी गोची इथेच होती. लग्नं जातीतच होत, त्यामुळे वारसा वेगळा. आणि पान-तंबाखूच्या सवयीही समाजागणिक वेगळ्या! मग आजार आईवडिलांकडून आला की दाढेखालच्या तंबाखूतून, हे नुसती जात लिहून कळणार कसं?

म्हणून दोन्हीकडची माहिती हवी होती. एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या ६ समाजांमध्ये रक्तगटांसारखे ७ आनुवंशिक गुण तपासले. हा अभ्यास १९४९ चा, म्हणजे डीएनएची रचना उलगडण्याच्या ४ वर्षं आधीचा. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या सवयी कॅन्सर नसलेल्यांशी ताडून पाहिल्या. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर जास्त, ओढणाऱ्यांत घशाकडचा. या कॅन्सरपुरतं तरी सवयीचं पारडं जड निघालं. रुग्णासाठी ही बातमी चांगलीच म्हणायची. जात बदलता येत नाही, तंबाखू सोडता येते.

आज जीनोम इंडिया प्रकल्पाकडे १०,००० भारतीयांचे जीनोम आहेत. त्यातला कोण तंबाखू मळतो, हे मात्र अजूनही विचारूनच लिहावं लागतं.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे खानोलकर पहिले संचालक. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, पद्मभूषणही मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. त्यांचं केंद्र १९६६ मध्येच टाटा मेमोरियलशी जोडलं गेलं होतं. आता ते खारघरला आहे, अ‍ॅक्ट्रेक या नावाने.