शहर पायी शिकवणारे गेडिस

आमच्या खामगावात १८७० मध्ये रेल्वे आली आणि कापसाच्या बाजाराभोवती शहर वाढले. पण शहर हा बी.ए.ला अभ्यासायचा विषय आहे म्हटले, की आजही लोक हसतात. मला तेव्हा पॅट्रिक गेडिस आठवतात.

स्कॉटलंडात १८५४ मध्ये जन्मलेल्या या जीवशास्त्रज्ञाने स्वतः मात्र पदवी घेतली नाही! १९१४ मध्ये त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन ‘एम्डेन’ने बुडवले, नवे नकाशे, चित्रे जमवून त्यांनी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलेच.

मग ते गल्लीबोळ पायी हिंडले. रुंद रस्त्यासाठी गरिबांची घरे पाडण्याची घाई त्यांना मुळीच मान्य नव्हती. एखादे पडके घर काढा, तिथे झाड लावा, असा त्यांचा उपाय. होळकरांच्या इंदूरात त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली. ती सर्वांत स्वच्छ गल्ल्यांतून जाणार, असे जाहीर होताच लोकांनी शहर झाडून काढले!

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९२४ मध्ये गेडिस फ्रान्सला गेले, तिथेच १९३२ मध्ये वारले. विभाग १९५९ पर्यंत घुर्ये यांनी सांभाळला.