उन्हाच्या कसोटीवरचे काँक्रीट

अहमदाबादच्या शाहीबाग परिसरात मनोरमा साराभाई यांच्यासाठी १९५५ च्या सुमारास एक घर बांधून पूर्ण झाले. या घराच्या गच्चीवरून काँक्रीटची एक घसरगुंडी निघते आणि थेट पोहण्याच्या तलावात उतरते. गच्चीवर मातीचा थर आहे आणि त्यावर हिरवळ उगवलेली आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात गवत, पाणी आणि काँक्रीट यांची अशी सांगड घालणारा वास्तुकार भारतीय नव्हता. स्वित्झर्लंडच्या थंड डोंगराळ गावात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नाव कमावलेला तो माणूस म्हणजे ल कॉर्बुझिए. विसाव्या शतकातील वास्तुकलेला वळण लावणारे शिल्पकार म्हणून त्यांची जगाला ओळख आहे. मात्र त्यांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. काँक्रीटचा पृष्ठभाग कसा असावा, या वरवर साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सूर्याने टप्प्याटप्प्याने शिकवले.

उष्ण प्रदेशात पोहण्याचा तलाव बांधणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न उभा राहतो. तलावाच्या काठावरचे काँक्रीट थापीने घोटून गुळगुळीत केले तर ते दिसायला देखणे होते, पण ओल्या पावलाखाली ते घसरते. ओल्या काँक्रीटवर झाडू फिरवून ओरखडे काढले तर पाय टिकतो. मात्र ओरखडे फार खोल गेले तर अनवाणी पायाला ते टोचतात. गडद रंग मिसळला तर दुपारी पाय भाजतो. पांढरा ठेवला तर पृष्ठभाग तुलनेने थंड राहतो, पण डोळे दिपतात. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य मावळल्यावर ती हळूहळू बाहेर टाकते. त्यामुळे रंग आणि पोत यांच्याइतकीच सावलीची निवडही महत्त्वाची ठरते. कॉर्बुझिए यांना हे सारे पाठ इमारतींच्या भिंतींवर, छपरांवर आणि अखेर चंडीगडच्या उघड्या चौकात गिरवावे लागले.

त्यांचे मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ला शो-द-फाँ या गावी ६ ऑक्टोबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करीत, तर आई पियानो शिकवीत असे. घड्याळावरील नक्षीकामाचे शिक्षण घेणाऱ्या या मुलाला शार्ल लेप्लातनिए या शिक्षकाने वास्तुकलेकडे वळवले. १९०८ मध्ये ते पॅरिसला ऑग्युस्त पेरे यांच्या कार्यालयात उमेदवारी करू लागले. सळईयुक्त काँक्रीटचा निवासी इमारतीत धीटपणे वापर करणाऱ्या पहिल्या वास्तुकारांपैकी पेरे एक होते. पेरे यांनी र्‍यू फ्रांक्लँ येथे बांधलेल्या इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा होता, पण तो चिनी मातीच्या फरशांनी झाकलेला होता. काँक्रीट बळकट आहे, पण उघडे दाखवण्याजोगे नाही, अशीच त्या काळची सर्वसाधारण समजूत होती.

पुढे बर्लिनमध्ये पेटर बेहरेन्स यांच्याकडे काही काळ काम करून १९११ मध्ये त्यांनी पूर्व युरोप, तुर्कस्तान आणि ग्रीसचा प्रवास केला. भूमध्य सागराकाठची पांढरी घरे, अथेन्सच्या टेकडीवरील संगमरवर आणि त्यावर पडणारा लख्ख प्रकाश यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९१४ मध्ये त्यांनी खांब, सपाट स्लॅब आणि जिना एवढ्यापुरता एक काँक्रीटचा सांगाडा कल्पिला. भिंतींवर भार नसल्याने त्या हव्या तिथे घेता येतील, असा त्यामागचा विचार होता. १९१७ मध्ये ते पॅरिसला कायमचे स्थायिक झाले. १९२० मध्ये एका नियतकालिकात लिहिताना त्यांनी ल कॉर्बुझिए हे टोपणनाव घेतले आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चुलतभाऊ पिएर जानरे यांच्यासह त्यांनी बांधलेली घरे पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत होती. खांब काँक्रीटचे, भिंती विटा किंवा पोकळ ठोकळ्यांच्या आणि त्यावर नितळ गिलावा, अशी त्यांची रचना असे. पॅरिसजवळच्या प्वासी येथील व्हिला साव्हॉय हे १९३१ मध्ये पूर्ण झालेले घर या शैलीचा कळस मानले जाते. त्याची छायाचित्रे जगभर गाजली, पण घरातल्या माणसांना गळक्या छपराचा त्रास सोसावा लागला. गिलाव्याला तडे जाणे, पावसाचे ओघळ उठणे हे गुळगुळीत पांढऱ्या पृष्ठभागाचे दुखणे होते. यंत्रासारखा निर्दोष दिसावा म्हणून केलेला तो पृष्ठभाग लहानसा दोषही लपवू शकत नव्हता.

याहून मोठा धडा मिळाला तो पॅरिसमधील सॅल्व्हेशन आर्मीच्या आश्रयगृहात. डिसेंबर १९३३ मध्ये उघडलेल्या या इमारतीची दक्षिणेकडील बाजू पूर्णपणे काचेची होती आणि एकही खिडकी उघडत नव्हती. आत यंत्राने शुद्ध केलेली हवा खेळवायची, अशी मूळ योजना होती. पैशांअभावी काचेचा दुसरा थर आणि हवा थंड करण्याची यंत्रणा दोन्ही वगळण्यात आली. हिवाळ्यात इमारत उबदार राहिली, पण पुढच्या उन्हाळ्यात तिची भट्टी झाली. बेघर स्त्रिया आणि मुले तेथे राहत होती. कॉर्बुझिए आपल्या कल्पनेवर अडून राहिले तरी अखेर प्रशासनाच्या आदेशाने उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या. महायुद्धानंतर या काचेसमोर ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या उभ्या राहिल्या.

ऊन अडवणारी ही जाळीदार योजना फ्रेंच भाषेत ब्रीझ-सोले या नावाने ओळखली जाते. उत्तर आफ्रिकेतील अल्जियर्ससाठी आराखडे करताना कॉर्बुझिए यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९३६ मध्ये ब्राझीलच्या शिक्षण मंत्रालयाच्या रिओ येथील इमारतीसाठी ते सल्लागार म्हणून गेले. लुसियो कोस्टा, ऑस्कर निमायर आदी तरुण ब्राझिलियन वास्तुकारांनी ती इमारत पुरी केली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऊन उत्तरेकडून येते, म्हणून तिच्या उत्तर बाजूला फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवण्यात आल्या. उन्हाचा बंदोबस्त काचेच्या बाहेरच करावा लागतो, आत नव्हे, हे तत्त्व आता पक्के झाले.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांच्या चरित्रातील काळा कोपरा आहे. जर्मनीच्या प्रभावाखालील व्हिशी सरकारकडून कामे मिळावीत म्हणून त्यांनी बरीच धडपड केली. ती फारशी सफल झाली नाही, पण त्याबद्दलची टीका मृत्यूनंतरही त्यांची पाठ सोडत नाही.

युद्धानंतर दक्षिण फ्रान्समधील मार्सेय येथे त्यांना मोठे काम मिळाले. १९४७ ते १९५२ या काळात उभ्या राहिलेल्या ३३७ सदनिकांच्या या इमारतीत काँक्रीटचा नवा चेहरा जगासमोर आला. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून काँक्रीटला पर्याय नव्हता. बांधकामात अनेक ठेकेदार होते आणि प्रत्येकाच्या कामाची सफाई निराळी होती. सांधे जुळत नव्हते, फळ्यांचे ठसे उमटले होते, कुठे खडी उघडी पडली होती. हे दोष गिलाव्याने झाकण्याऐवजी कॉर्बुझिए यांनी ते तसेच ठेवण्याचे ठरवले. सुरकुत्या हा जसा चेहऱ्याचा भाग, तसे फळ्यांचे ठसे हा काँक्रीटचा भाग, अशी त्यांची धारणा बनली. बेटाँ ब्रूत, म्हणजे कच्चे, उघडे काँक्रीट, हा शब्दप्रयोग तेथूनच वास्तुकलेच्या चर्चेत रुळला.

मार्सेयच्या त्या इमारतीच्या गच्चीवर बालवाडी आहे, धावण्याची मार्गिका आहे आणि लहान मुलांसाठी उथळ तलावही आहे. भूमध्य सागरी उन्हात हा खरबरीत पृष्ठभाग एक वेगळे काम करतो. गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवरून प्रकाश थेट डोळ्यांवर येतो. फळ्यांच्या ठशांनी रेघाळलेल्या भिंतीवर मात्र तोच प्रकाश बारीक सावल्यांमध्ये विभागला जातो. तडा, डाग, ओघळ या सावल्यांमध्ये मिसळून जातात. गिलाव्याच्या घरांना जे जमले नाही, ते या ओबडधोबड भिंतीला जमले.

नोव्हेंबर १९५० मध्ये पंजाब सरकारचे दोन अधिकारी, पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा, पॅरिसला त्यांच्या भेटीला गेले. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. चंडीगडचा पहिला आराखडा अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी केला होता. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी विमान अपघातात दगावल्याने काम अडले होते. कॉर्बुझिए यांनी जबाबदारी स्वीकारली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये ते प्रथम भारतात आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी प्रत्यक्ष चंडीगडला राहून घरे, शाळा आणि दवाखाने उभारले. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येत आणि मुख्यतः राजधानीच्या शासकीय संकुलात लक्ष घालीत.

याच काळात अहमदाबादच्या धनिक गिरणीमालकांनीही त्यांना कामे दिली. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्याचा भाग होते. या कामांवर देखरेख करण्याची जबाबदारी बाळकृष्ण दोशी या तरुणाकडे आली. दोशी मूळचे पुण्याचे. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात शिकून ते परदेशी गेले आणि कॉर्बुझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात त्यांनी उमेदवारी केली. २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुकार ठरले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

साबरमतीकाठी १९५४ मध्ये पूर्ण झालेली गिरणीमालक संघाची इमारत म्हणजे उन्हाचा अभ्यास कसा करावा याचा वस्तुपाठच. पश्चिमेकडील काँक्रीटचे पडदे तिरके आहेत, कारण दुपारचे ऊन तिकडून खाली उतरत येते. नदीच्या बाजूचे पडदे मात्र सरळ आहेत, म्हणजे वारा आत येतो. उत्तर आणि दक्षिण बाजू जवळपास बंद आहेत. साराभाई यांच्या घरात तर काँक्रीट मोजकेच आहे. विटांच्या भिंती, वर फरशांच्या कमानी, वाऱ्याच्या दिशेने उघडणाऱ्या समांतर खोल्या आणि छपरावर गवत. तलावाशी जिथे काँक्रीट हवेच होते, तिथे ते घसरगुंडीच्या रूपाने आले. एकच पदार्थ सगळीकडे थापायचा नाही, हे शहाणपण या घरात दिसते.

चंडीगडला काँक्रीट ओतण्याची यंत्रे कमी आणि हात फार होते. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायाबापड्या बांबूच्या परातींवरून रांगेने चढत. लाकडी फळ्या आणि लोखंडी पत्रे यांच्या साच्यांचे ठसे भिंतींवर उमटत. ओल्या काँक्रीटमध्ये लाकडी साचे दाबून पान, मासा, सूर्य यांची चिन्हे कोरली गेली. उच्च न्यायालयावर कमानींचे दुहेरी छप्पर आले. वरचे छप्पर ऊन झेलते आणि दोन छपरांमधल्या पोकळीतून वारा वाहतो. प्रवेशाच्या भव्य खांबांना पुढे हिरवा, पिवळा आणि तांबडा रंग मिळाला. १९५५ मध्ये ही इमारत सुरू झाली, तेव्हा वकील आणि पक्षकारांना ऊन-पावसाचा त्रास होऊ लागला. नंतर व्हरांडा जोडावा लागला. ऊन अडवणारे जाड काँक्रीट दिवसभर तापते आणि संध्याकाळी ती धग आत सोडते, अशीही टीका झाली.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र पायाखालचा होता. उच्च न्यायालय आणि विधानसभा यांच्यामध्ये काँक्रीटचा विस्तीर्ण उघडा चौक आहे. भिंतीला तिरके पडदे देता येतात, छपरावर दुसरे छप्पर घालता येते. आकाशाखाली पसरलेल्या सपाट पृष्ठभागाला यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. इमारतींसमोर उथळ जलाशय झाले. चौकात सावलीचा मनोरा उभारण्याची योजनाही त्यांनी आखली, पण तो त्यांच्या हयातीत बांधला गेला नाही. मे-जूनच्या दुपारी या चौकात पाऊल ठेवणारा माणूस सावली शोधू लागतो. घसरगुंडीच्या पायथ्याशी पाणी आणि छपरावर गवत देणाऱ्या वास्तुकाराने इथे सूर्याला मोकळे रान दिले. तलावाच्या काठाला लागू पडणारा नियम चौकालाही तेवढाच लागू पडतो. काँक्रीट किती भव्य दिसते यापेक्षा त्यावर किती वेळ उभे राहवते, यावर त्याची परीक्षा होते.

१९५७ मध्ये पत्नी इव्हॉन यांचे निधन झाले आणि कॉर्बुझिए एकाकी पडले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तँ येथे त्यांनी स्वतःसाठी लाकडाची एक छोटीशी झोपडी बांधली होती. जगाला काँक्रीट देणारा हा माणूस उन्हाळा लाकडी खोलीत आणि समुद्रात घालवीत असे. २७ ऑगस्ट १९६५ रोजी तेथे पोहत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. वय ७७ वर्षे होते. पॅरिसच्या लुव्र राजवाड्याच्या प्रांगणात फ्रान्स सरकारने त्यांना मानवंदना दिली. पत्नीसाठी त्यांनी स्वतःच आखलेल्या, समुद्राकडे पाहणाऱ्या काँक्रीटच्या समाधीत त्यांच्या अस्थी विसावल्या.

२०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतील त्यांच्या १७ वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चंडीगडचे शासकीय संकुल त्यात आहे. त्या काँक्रीटवर पावसाचे ओघळ उमटले आहेत, रंग काळवंडला आहे, तरीही फळ्यांचे ठसे स्पष्ट दिसतात. ऊन कोणत्या बाजूने येते, वारा कुठून वाहतो आणि पाऊल अनवाणी असेल की नाही, हे आधी पाहावे आणि मग थापी हातात घ्यावी, एवढा साधा धडा ते देत उभे आहे. तो शिकायला या प्रतिभावंताला अर्धे आयुष्य लागले, आणि चौकापुरता तो त्यांनाही पुरता साधला नाही.