फ्रँक हॉर्नबी आणि चिमुकल्या मोटारी

कोणाला टपालाची तिकिटे जमवण्याची आवड असते, तर कोणाला जुनी नाणी. तुम्ही उर्दूत ज्याला शौक म्हणता, त्यालाच मराठीत छंद म्हणतात. अशा छंदांपैकी एक मोठा गमतीचा छंद म्हणजे लहान मोटारी जमवण्याचा. या मोटारी म्हणजे दोन दिवसांत चाक निखळणारी खेळणी नव्हेत. त्या धातूच्या असतात आणि खऱ्या मोटारीचा आकार त्यांत नेमक्या प्रमाणात लहान केलेला असतो. जगात अनेक लोक अशा मोटारी काचेच्या कपाटात ओळीने मांडून ठेवतात. त्यांत शाळकरी मुले असतात, तसेच पांढऱ्या केसांचे आजोबाही असतात. या लोकांमध्ये 'डिंकी' हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणे कठीण. डिंकी मोटारी प्रथम बाजारात आणल्या त्या फ्रँक हॉर्नबी यांनी. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. विशेष म्हणजे या मोटारी त्यांनी खेळण्यातल्या आगगाडीच्या शेजारी उभ्या करण्यासाठी काढल्या होत्या.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या शहरात झाला. लिव्हरपूल हे मोठे बंदर. तेथे जहाजांची ये-जा अखंड चाले आणि धक्क्यावर मालाची चढउतार होत असे. त्यांचे वडील किराणा मालाचा व्यापार करत. फ्रँक शाळेत फार शिकले नाहीत. सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि वडिलांच्या पेढीवर ते रोखपालाचे काम करू लागले. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. पण यंत्रांचे वेड मात्र लहानपणापासून होते. संशोधकांच्या गोष्टी ते आवडीने वाचत. घरी लहानसहान यंत्रे बनवून पाहत. ती बहुधा चालत नसत, तरी त्यांचा उत्साह कमी होत नसे.

१८८७ साली त्यांचा विवाह झाला. त्यांची पत्नी क्लॅरा या शिक्षिका होत्या. १८९९ साली वडील वारले आणि त्यांचा व्यापार बंद पडला. तेव्हा फ्रँक यांनी डेव्हिड एलियट नावाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. एलियट परदेशातून मांस मागवून विकत असत. दिवसभर वह्यांमध्ये आकडे लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पत्रा कापायचा, असा हॉर्नबी यांचा क्रम सुरू झाला. हा पत्रा कापायचा कशासाठी? रोलंड आणि डग्लस या आपल्या दोन मुलांना खेळणी बनवून देण्यासाठी.

पत्र्याचे तुकडे कापून ते पूल, गाड्या आणि क्रेन बनवत. अडचण एकच होती. पुलासाठी कापलेला तुकडा पुलालाच लागे. पूल मोडला की ते तुकडे वाया जात आणि क्रेनसाठी पुन्हा नवे तुकडे कापावे लागत. घरात भंगार साठत होते आणि मुले तर रोज नवे काहीतरी मागत होती. एकदा आगगाडीने प्रवास करत असताना हॉर्नबी यांच्या मनात एक विचार आला, असे सांगतात. प्रत्येक पट्टीला सारख्या अंतरावर सारखी भोके पाडली तर? मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येईल. आज पूल करा, उद्या तोच पूल सोडवून क्रेन करा. त्यांनी अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडली. एवढीच ती युक्ती! ती वाचताना आपल्याला वाटते, यात काय विशेष? पण ती सुचेपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

ही कल्पना दुसऱ्याने उचलू नये म्हणून पेटंट घेणे भाग होते. त्याचा खर्च हिशेबनिसाच्या पगारात बसेना. हॉर्नबी यांनी आपल्या मालकाकडून, म्हणजे एलियट यांच्याकडून, पाच पौंड उसने घेतले. जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. एलियट हे मोठ्या मनाचे गृहस्थ असले पाहिजेत. त्यांनी पैसे तर दिलेच, शिवाय आपल्या पेढीशेजारची जागाही दिली आणि पुढे ते या धंद्यात भागीदार झाले. लिव्हरपूल विद्यापीठातील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक हेली-शॉ यांनी या खेळाची शिफारस करणारे पत्र दिले. १९०२ साली पहिले संच विक्रीला आले. त्यांत केवळ १६ प्रकारचे सुटे भाग होते आणि १२ वस्तू कशा बनवाव्यात हे सांगणारे एक पत्रक होते.

लोकांच्या उड्या पडल्या का? नाही. दिसायला ते सुटे भाग अगदीच साधे होते. दुकानदार म्हणत, या पट्ट्यांना खेळणे कोण म्हणेल? १९०३ साली सुमारे १,५०० संच विकले गेले; पण नफ्याच्या नावाने शून्य. पहिला नफा दिसायला १९०६ साल उजाडावे लागले. पाच वर्षे हॉर्नबी यांनी नोकरीही केली आणि हा धंदाही चालवला. अखेर १९०७ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली, एक लहान कारखाना भाड्याने घेतला आणि आपल्या खेळाला 'मेकॅनो' हे नाव दिले. भोके पाडलेल्या पट्ट्यांचा हा खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आपल्याकडच्या दुकानांतही तशा धर्तीचे खेळ मिळतात.

यानंतर मात्र त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. १९१४ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना सुरू झाला. १९१६ साली मुलांसाठी 'मेकॅनो मॅगझीन' हे मासिक निघाले. १९२० साली किल्लीवर चालणारी आगगाडी आली. या आगगाडीचे रूळ, फाटक, स्थानक, बोगदे असे सर्व काही मुलांना विकत घेता येई. ती आगगाडी इतकी लोकप्रिय झाली, की इंग्लंडमध्ये 'हॉर्नबी' म्हटले की आजही आधी आगगाडी आठवते.

आता मोटारींकडे वळू. रूळ मांडले, स्थानक उभे केले, पण तेथे माणसे कोठे होती? म्हणून १९३१ पासून कारखान्याने हमाल, गार्ड, प्रवासी अशी लहान माणसे काढली. माणसे आली, तरी स्थानकाबाहेरचा रस्ता रिकामाच होता. अमेरिकेत 'टूट्सीटॉय' नावाच्या लहान मोटारी पुष्कळ आधीपासून विकल्या जात होत्या. म्हणून हॉर्नबी यांना लहान मोटारींचा जनक म्हणणे बरोबर होणार नाही. त्यांनी केले ते वेगळेच. मोटार केवढी असावी हे त्यांच्या कारखान्याने आगगाडीच्या मापावरून ठरवले.

हे माप नीट समजून घेऊ, कारण या छंदाचा पायाच तो आहे. हॉर्नबी यांची आगगाडी खऱ्या आगगाडीपेक्षा सुमारे ४३ पट लहान, या प्रमाणाची मानली जाई. तिच्याशेजारी मोटार उभी करायची, तर तीही साधारण तेवढेच पट लहान हवी. नाहीतर मोटार डब्यापेक्षा उंच दिसेल. समजा, खरी मोटार ४३० सेंटिमीटर लांब आहे. तिला ४३ ने भागा. उत्तर येते १०. म्हणजे प्रतिकृती १० सेंटिमीटर लांब झाली पाहिजे. यालाच १:४३ प्रमाण म्हणतात. सुरुवातीच्या मोटारी या प्रमाणात अगदी काटेकोर नव्हत्या. तरीही काचेच्या कपाटांतल्या मोटारींसाठी हे प्रमाण आजही जगभर वापरले जाते. खरे तर ते आगगाडीकडून उसने घेतलेले माप आहे.

डिसेंबर १९३३ मध्ये सहा वाहनांचा पहिला संच आला. त्यात दोन लहान मोटारी, एक मालमोटार, एक माल पोचवणारी बंद गाडी, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. पूर्ण संचाची किंमत चार शिलिंग होती. ज्यांना एवढे परवडत नसे, त्यांना सुटी मोटारही मिळे. १९३४ साली या वाहनांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. डिंकी म्हणजे लहानसे आणि टापटिपीचे. नाव मुलांच्या तोंडी बसले. लवकरच खऱ्या मोटारींवरून हुबेहूब नमुने निघू लागले. आगगाडी महाग होती. ती श्रीमंतांच्या घरी जाई. लहान मोटार मात्र खाऊचे पैसे साठवूनही घेता येई. मग आगगाडी नसलेली मुलेही मोटारी घेऊ लागली. एक घेतली की दुसरी हवी, दुसरी आली की तिसरी. संग्रहाची सवय अशीच लागते.

या मोटारी बनत कशा? पोलादाच्या साच्यात वितळलेला धातू जोराने दाबून भरत. क्षणात तो थंड होई आणि मोटारीचा सांगाडा बाहेर पडे. मग रंग देत आणि चाके बसवत. सुरुवातीच्या मोटारी शिशाच्या मिश्रणातून ओतलेल्या होत्या. लवकरच त्याऐवजी जस्ताचा मिश्रधातू वापरू लागले. तो हलका आणि मजबूत होता आणि त्यात बारीक रेषाही स्पष्ट उमटत. पण त्यात एक धोका लपलेला होता, तो पुढे कळला.

हॉर्नबी यांना हे यश फार काळ पाहता आले नाही. १९३१ साली ते लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते. १९३५ पर्यंत ते खासदार होते. प्रकृती ढासळली होती. हृदयविकार आणि मधुमेह यांनी त्यांना ग्रासले होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी लिव्हरपूलजवळच्या मॅगहल या गावी त्यांचे निधन झाले. ज्या रोलंडसाठी त्यांनी एकेकाळी पत्रा कापला होता, त्यानेच पुढे कंपनीची सूत्रे हाती घेतली.

काही वर्षांनी त्या लपलेल्या धोक्याने डोके वर काढले. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा थोडासा अंश जरी मिसळला, तरी तो धातू आतून सडू लागतो. कारखान्यात शिशाचेही काम होत असल्याने हा अंश मिसळणे अवघड नव्हते. अशा मोटारीवर आधी केसासारख्या बारीक रेषा उमटतात. मग धातू फुगतो, वाकतो आणि शेवटी मोटारीचे तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी मोटारी अशा नष्ट झाल्या. कोणी हात लावला नाही, कोणी पाडल्या नाहीत. कपाटात उभ्या उभ्या त्यांचा चुरा झाला. यावर उपाय नाही. म्हणून संग्राहक जुनी मोटार घेताना भिंग घेऊन तिच्यावर रेषा शोधतात. घरी आणल्यावर ती दमट हवेपासून जपतात. रंग उडू नये म्हणून कपाट उन्हात ठेवत नाहीत. मोटारीच्या बुडाशी लिहिलेले नाव वाचतात आणि रंग मूळचा आहे की नंतर कोणी दिला, हे तपासतात. मूळचा पुठ्ठ्याचा खोका शिल्लक असेल, तर मोटारीची किंमत एकदम वाढते.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटते. मुलांनी खेळावे म्हणून केलेली ही मोटार. पण जिच्याशी कोणी खेळलेच नाही, तिलाच संग्राहकांच्या बाजारात सर्वांत जास्त मान. जमिनीवर धावलेली, रंग उडालेली, दार तुटलेली मोटार स्वस्तात विकली जाते. काही संग्राहक मुद्दाम अशीही एखादी मोटार आपल्या कपाटात ठेवतात.

महायुद्धानंतर डिंकीला प्रतिस्पर्धी मिळाले. १९५३ पासून काडेपेटीएवढ्या 'मॅचबॉक्स' मोटारी आल्या, १९५६ साली 'कॉर्गी' आल्या. १९६४ साली हॉर्नबी यांची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि १९७९ साली बिन्स रोडवरचा कारखाना बंद पडला. त्यापूर्वीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, डिंकीचे काही जुने साचे आपल्या देशात, त्या वेळच्या कलकत्त्याला आले होते. तेथे त्याच साच्यांतून मोटारी निघाल्या. त्यांच्या बुडाशी 'डिंकी'ऐवजी 'निकी' असे नाव होते. इंग्लंडमधले संग्राहकही या निकी मोटारी शोधतात आणि लिव्हरपूलच्या डिंकीशेजारी कलकत्त्याची निकी मांडून ठेवतात.