विश्लेषण : राजीनामा, नवे मंत्रिमंडळ, पुन्हा राजीनामा... १९३८ मध्ये नागपुरात तीन दिवसांत काय घडले?

नंदनवन, नागपूर : नंदनवनमधील केडीके अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे कर्मवीर दादासाहेब कन्नमवार हे नाव इथल्या तरुणांच्या रोज नजरेस पडते. विदर्भातून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेले हे नेते १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राच्या प्रमुखपदी होते. पण त्याच्या २५ वर्षे आधी नागपुरातल्या एका डॉक्टरने याच शहरातून अख्ख्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा कारभार चालवला होता. त्यांचे नाव डॉ. नारायण भास्कर खरे. ते सत्तेवर कसे आले यापेक्षा सत्तेवरून कसे गेले, हे आजच्या राजकारणासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

कोण होते डॉ. खरे?

डॉ. खरे यांचा जन्म पनवेलचा. लाहोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी नागपुरात व्यवसाय सुरू केला आणि काँग्रेसच्या कामात उतरले. ‘तरुण भारत’ हे पत्रही त्यांनी चालवले. १९३५ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात गेले.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली आणि १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसने ७० च्या आसपास जागा जिंकल्या. त्या वर्षी काँग्रेसने मंत्रिपदे स्वीकारायचे ठरवले आणि डॉ. खरे प्रांताचे पंतप्रधान झाले. आज ज्याला मुख्यमंत्री म्हणतात, त्या पदाला तेव्हा पंतप्रधान म्हणत.

स्पष्ट बहुमत असूनही अडचण कुठे होती?

बहुमत एकाच पक्षाचे होते, पण पक्ष एकसंध नव्हता. या एका प्रांतात काँग्रेसच्या तीन प्रांतिक समित्या होत्या : महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. महाकोशल हिंदी भाषक, तर उरलेले दोन भाग मराठी. मंत्रिमंडळात रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे, तर रामराव देशमुख आणि पी. बी. गोळे हे वऱ्हाडचे. म्हणजे व्यवहारात हे आघाडीचेच सरकार होते. फरक इतकाच की या आघाडीचा कुठलाही करार लोकांसमोर नव्हता. खाती, नेमणुका आणि निधी यांवरून होणारी भांडणे बंद दाराआड चालत. वशिलेबाजीचे आरोप दोन्ही गटांकडून होत.

त्यातच कायदामंत्री महंमद युसूफ शरीफ यांचे प्रकरण उजेडात आले. अल्पवयीन मुलीवरील बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची त्यांनी मुदतीआधी सुटका केली होती. प्रांतभर संताप उसळला. चौकशीचे काम कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे गेले आणि शरीफ यांना पद सोडावे लागले. हे सगळे काँग्रेसच्या पक्षयंत्रणेमार्फत झाले. एका मंत्र्याने अधिकाराचा गैरवापर केला का, याचा निर्णय सभागृहात झाला नाही.

तीन दिवसांत काय घडले?

मे १९३८ मध्ये सरदार पटेल यांच्या उपस्थितीत पचमढीला दोन्ही गटांत समेट झाला, पण तो दोन महिनेही टिकला नाही.

२० जुलै : डॉ. खरे यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही राजीनामे देण्यास सांगितले. गोळे आणि देशमुख त्यांच्यासोबत होते. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी मात्र पक्षाच्या आदेशाशिवाय पद सोडण्यास नकार दिला. त्यावर गव्हर्नर फ्रान्सिस वायली यांनी आपला अधिकार वापरून रातोरात तिघांना पदावरून दूर केले.

२१ जुलै : डॉ. खरे यांनी नव्या मंत्रिमंडळासह शपथ घेतली. त्यात दलित समाजाचे रामेश्वर अग्निभोज यांचाही समावेश होता.

२३ जुलै : पक्षश्रेष्ठींच्या दबावाखाली डॉ. खरे यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला.

त्यानंतर वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना बेशिस्तीसाठी दोषी ठरवले. त्या वर्षी सुभाषचंद्र बोस पक्षाचे अध्यक्ष होते. दरम्यान सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींसमोर डॉ. खरे यांच्या निवेदनाचा मसुदा तयार झाला. त्यात गांधीजींनी केलेल्या दुरुस्त्या त्यांना मान्य नव्हत्या आणि त्यांनी सही केली नाही. जुलै संपण्याआधी रविशंकर शुक्ल पंतप्रधान झाले.

चूक कोणाची होती?

कायद्याच्या नजरेने डॉ. खरे यांची बाजू भक्कम होती. संसदीय पद्धतीत प्रमुखाने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ संपते आणि सहकारी निवडणे हा त्याचा हक्क असतो.

पक्षाच्या नजरेने ते चुकले होते. ज्या ब्रिटिश गव्हर्नरच्या हस्तक्षेपाविरुद्ध काँग्रेस लढत होती, त्याच्याच अधिकाराने त्यांनी स्वपक्षीय मंत्र्यांना घालवले, असा पक्षाचा आक्षेप होता.

या वादात विधानसभेला मात्र कोणी विचारलेच नाही. पंतप्रधान बदलले ते गव्हर्नरच्या बंगल्यातून आणि पक्षाच्या बैठकीतून. ज्या मतदारांनी हे आमदार निवडून दिले, त्यांना कोणावर नेमका काय आरोप आहे, हे सभागृहातील चर्चेतून कधी कळले नाही.

इतरत्र असे घडले आहे का?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९८७ मध्ये बरेच असेच घडले. तिथली जुनी आघाडी १९८३ मध्ये तुटली होती आणि प्रीमियर जो बिएल्की-पीटरसन यांचा नॅशनल पक्ष एकटाच सत्तेत होता. पोलिस आणि राजकारणातील भ्रष्टाचाराची फिट्झजेराल्ड चौकशी सुरू असताना बिएल्की-पीटरसन यांनी विरोधातील मंत्र्यांना काढण्यासाठी गव्हर्नर वॉल्टर कॅम्पबेल यांच्याकडे धाव घेतली. अखेर तीन मंत्री गेले, पण पक्षाने आपला नेताच बदलला आणि १ डिसेंबर १९८७ रोजी बिएल्की-पीटरसन यांना राजीनामा द्यावा लागला.

मग अनेक पक्षांचे सरकार चांगले का?

आघाडीत सौदेबाजी होते, निर्णय रखडतात, खात्यांसाठी रुसवेफुगवे होतात. पण एक फायदा मोठा आहे. मतभेद झाले तर सहकारी पक्षाला पाठिंबा काढण्याचे पत्र द्यावे लागते, कारण सांगावे लागते आणि बहुमताचा निकाल सभागृहात लागतो. एस. आर. बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पक्के केले : बहुमत आहे की नाही, हे राजभवनात नव्हे तर सभागृहात ठरते.

अर्थात आघाडी म्हणजे हमी नव्हे. उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ रोजी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला. राज्यपालांनी ती चाचणी बोलावणे योग्य नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. तरीही राजीनामा स्वेच्छेने दिलेला असल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सभागृहाला सामोरे जाण्याआधी दिलेला राजीनामा किती महाग पडू शकतो, हे यातून दिसले.

पुढे डॉ. खरे यांचे काय झाले?

काँग्रेसशी त्यांचे नाते तुटले. १९४३ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांवर असलेल्या निर्बंधांना उत्तर म्हणून तिथल्या गोऱ्यांवर भारतात निर्बंध लावण्याचे पाऊल त्यांच्या काळात उचलले गेले. १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या काळात तिथे मेव मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला आणि त्यांच्या कारकिर्दीवर तो कायमचा डाग राहिला. गांधीहत्येनंतर त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून आले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

१९३८ मध्ये आपल्यावर अन्याय झाला, हे ते शेवटपर्यंत मांडत राहिले. त्यांच्या उरलेल्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, आपली बाजू विधानसभेत मांडून मतदान घेण्याची संधी त्यांनाही मिळाली नाही आणि त्यांच्या विरोधकांनाही नाही.