विस्मृतीतही थांबला नाही कुंचला

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जानेवारी १९९७ मध्ये विलेम डी कूनिंग यांच्या उत्तरायुष्यातील चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रकार हयात होते. मात्र स्मृतिभ्रंशाने त्यांना पुरते ग्रासले होते.

रॉटरडॅममध्ये १९०४ साली जन्मलेले डी कूनिंग १९२६ मध्ये जहाजात लपून अमेरिकेत पोहोचले. घरे रंगवून त्यांनी पोट भरले. पुढे अमूर्त अभिव्यक्तिवादाचे ते अग्रणी ठरले. पुन:पुन्हा खरवडून रंगवलेले 'वुमन-१' याच संग्रहालयाने १९५३ मध्ये विकत घेतले.

दारूने पोखरलेल्या डी कूनिंग यांना पत्नी एलेन यांनी सावरले. ऐंशीच्या दशकात त्यांनी तीनशेहून अधिक चित्रे रंगवली. पांढऱ्या अवकाशात लाल, निळ्या, पिवळ्या रेषा फितीसारख्या वळत. सहायक रंग आणि कॅनव्हास तयार ठेवत. एलेन यांचे निधन झाले त्याच १९८९ मध्ये न्यायालयाने त्यांना व्यवहारास अक्षम ठरवले आणि त्याच वर्षी त्यांचे जुने 'इंटरचेंज' दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले!

ही अखेरची चित्रे प्रतिभेची की केवळ हाताच्या सवयीची, यावर समीक्षकांत जुंपली. सवयीला 'केवळ' म्हणणे मात्र अन्यायाचे; ती साठ वर्षांची कमाई होती.

प्रदर्शन सुरू असतानाच १९ मार्च १९९७ रोजी डी कूनिंग यांचे निधन झाले. याच संग्रहालयाने २००६ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी उपक्रम सुरू केला. साप्ताहिक सुट्टीच्या मंगळवारी, शांत दालनांत, ही मंडळी चित्रांसमोर बसत. तेथे आठवणींची परीक्षा नव्हती; समोर काय दिसते, एवढेच विचारले जाई.