घरोट, मोट आणि छापखाना : बहिणाबाई चौधरी यांचे जीवन आणि यंत्रविचार

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे या गावी एका सधन शेतकरी कुटुंबात झाला. वडील उखाजी महाजन आणि आई भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी अशा भरल्या घरात त्यांचे बालपण गेले. त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची विभागणी होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले ते १९०६ साली. मात्र जळगावचे शहरपण त्याआधीच आकाराला येऊ लागले होते. १८६०च्या दशकात रेल्वे या भागात पोचली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला परदेशी मागणी आली, आणि पुढच्या दशकात जळगावात कापडाची गिरणीही उभी राहिली. बहिणाबाईंचे बालपण खेड्यात गेले असले, तरी ते यंत्रयुगापासून फार दूर नव्हते. असोद्याच्या शेतातला कापूस जिनात, प्रेसमध्ये आणि आगगाडीत जात होता. त्यांच्या गाण्यांचा विचार करताना ही पार्श्वभूमी सहसा ध्यानात घेतली जात नाही. निसर्गकन्या, अशिक्षित प्रतिभावंत, मातीची कवयित्री अशा विशेषणांनी त्यांचे जे चित्र रूढ झाले, त्यात माणसाने बनवलेल्या वस्तू, अवजारे आणि यंत्रे यांविषयी त्यांची स्वतःची काही मते होती, ही गोष्ट मागे पडली.

वयाच्या तेराव्या वर्षी, १८९३ साली, जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माहेर आणि सासर यांत अंतर थोड्या कोसांचे असले, तरी मोठ्या एकत्र कुटुंबातील सुनेच्या वाट्याला येणारे कष्ट त्यांच्या वाट्याला पूर्णपणे आले. पहाटेचे दळण, चूल, गोठा, शेतातली पेरणी, निंदणी, कापणी, रगडणी आणि उपणणी या क्रमाने त्यांचे दिवस आणि वर्षे फिरत राहिली. ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे व काशी ही मुलगी अशी तीन अपत्ये त्यांना झाली. वयाच्या तिशीत वैधव्य आले. प्लेगच्या आजाराने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. या आपत्तींचा उल्लेख त्यांच्या गाण्यांत येतो, परंतु तो आक्रोशाच्या रूपाने येत नाही. वैधव्यावरील गाण्यात कुंकू गेले तरी गोंदण राहिले आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटातले कर्तृत्व शिल्लक आहे, असा हिशेब मांडलेला आहे. काय गेले आणि काय उरले याची मोजदाद करताना शेवटी त्यांची नजर हातावर आणि हाताच्या करणीवर स्थिरावते. त्यांच्या साऱ्या विचाराचा हा गाभा म्हणता येईल.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्याला बोली शिकवणारी सरस्वतीच आहे आणि तिनेच आपल्या मनात ही गुपिते पेरली, असे त्या गाण्यातून सांगतात. दळताना, कांडताना, शेतात काम करताना लेवा गणबोलीत गाणे रचले जाई आणि कामाबरोबरच ते संपे. काम आणि गाणे यांचा हा संबंध केवळ प्रासंगिक नाही. जात्याच्या फेऱ्याने ओवीला लय दिली आणि ओवीने जात्याचा जडपणा सुसह्य केला. त्यामुळे अवजार हा त्यांच्या काव्याचा विषय होण्यापूर्वी त्याचे वाद्यच होते.

याचे उत्तम उदाहरण घरोटावरील गाण्यात सापडते. घरोट म्हणजे जाते. या गाण्यात बहिणाबाई जात्याच्या नावाचीच झडती घेतात. ज्याच्यातून पीठ येते त्याला ‘जाते’ म्हणणे कसे योग्य ठरेल, असा त्यांचा खोचक प्रश्न आहे. वरवर पाहता ही शब्दाची कोटी आहे. परंतु तिच्यामागे एक निश्चित दृष्टी आहे : वस्तूचे नाव तिच्या कार्यावरून ठरावे. हीच दृष्टी कशाला काय म्हणू नये याची यादी देणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध रचनेत अधिक व्यापक होते. कापसावाचून उलणारे बोंड हे बोंड नव्हे आणि उपाशीपोटी झोपवणारी रात्र ही रात्र नव्हे, असे त्या सांगतात. वस्तू काय करते आणि कोणासाठी करते, हे पाहिल्याशिवाय तिला तिचे नाव मिळत नाही. तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची आधुनिक चर्चा ज्या प्रश्नापाशी सुरू होते, त्याच प्रश्नापाशी ही शेतकरी स्त्री आपल्या अनुभवाने पोचलेली होती.

मोटेवरील गाण्यात ही दृष्टी यंत्ररचनेच्या तपशिलात उतरते. एका विहिरीवर दोन मोटा चालतात, पण दोहोंतले पाणी एकच. कणा, चाक, नाडा, सोंदूर ही मोटेची अंगे त्या नावानिशी घेतात आणि प्रत्येक जोडीत एकच गती, एकच झीज, एकच ओढ कशी आहे ते दाखवतात. बैल धावेवरून उतरतात आणि मागे चढतात, तेव्हा नावे दोन असली तरी धाव एकच असते. शेवटी गाणे येते ते मोट हाकणाऱ्या माणसापाशी. हाकणारा एकटा, आणि त्याच्या श्रमावर पोसले जाणारे जीव कितीतरी. या गाण्याचे आध्यात्मिक अर्थ अनेकांनी लावले आहेत आणि ते अग्राह्य नाहीत. परंतु झीज हा शब्द कवितेत येण्यासाठी झिजलेला दोर हाताने पाहिलेला असावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. यंत्राचे कौतुक आणि यंत्र चालवणाऱ्याचे भान ही दोन्ही या गाण्यात एकत्र नांदतात.

सुगरणीच्या खोप्यावरील गाणे याच विचाराची दुसरी बाजू दाखवते. सुगरणीची चोच इवलीशी असते. तिचे दात तेच आणि ओठही तेच. एवढ्याशा साधनातून ती झाडाला टांगलेला बंगला विणते. मग देवाने ज्याला दोन हात आणि दहा बोटे दिली त्याने काय करावे, असा प्रश्न गाण्याच्या शेवटी उभा राहतो. साधन किती मोठे आहे यावर निर्मितीची थोरवी अवलंबून नसते, हा त्याचा इत्यर्थ आहे. जगणे आणि मरणे यांत एका श्वासाचे अंतर आहे हे सांगतानाही त्या जिवाच्या व्यवहाराला ‘तंतर’ म्हणतात, ही शब्दयोजना या संदर्भात अर्थपूर्ण ठरते.

भवितव्याविषयीची त्यांची भूमिकाही येथे विचारात घ्यावी लागते. १९०० सालापासून ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी वाचकाला यंत्रबळाने साकारणाऱ्या भविष्याचे पहिले दर्शन घडले. हा वाचक साक्षर, मासिके घेणारा होता. त्याच सुमारास संसारात पडलेल्या बहिणाबाईंपर्यंत हे साहित्य पोचण्याचा मार्ग नव्हता. भविष्य सांगणारा त्यांच्या दारी आला तो जोशी. त्याला त्यांनी आपल्या गाण्यातून परत पाठवले. आपले दैव आपल्याला कळते, दारी येण्याचे कारण नाही, असे त्याला ठामपणे बजावले. कल्पित भविष्यात रमणारी विज्ञानकथा आणि सांगितलेले भविष्य नाकारणारे हे गाणे यांची जात वेगळी आहे. तरीही आयते मिळणारे ज्ञान तपासल्यावाचून न स्वीकारण्याची वृत्ती विज्ञानाला परकी नाही.

या सर्व विचारांचा कस लागतो तो छापखान्यावरील गाण्यात. जळगावातील नानाजीचा छापखाना आणि त्यातल्या यंत्राची खडखड हा या गाण्याचा विषय आहे. छापखाना हे त्या काळातले नवे माध्यम होते. ज्ञान, कायदा, पंचांग, बातमी आणि जाहिरात या साऱ्या गोष्टी त्याच यंत्रातून बाहेर पडत होत्या, आणि अक्षरओळख नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या जीवनावर अधिकार गाजवत होत्या. अशा माध्यमाकडे निरक्षर व्यक्तीने भयाने किंवा भक्तीने पाहावे, असेच अपेक्षित असते. बहिणाबाई या दोन्ही वाटांनी जात नाहीत. कोरा कागद यंत्रात जातो आणि छापून शहाणा होऊन बाहेर येतो, हे नवल त्या मान्य करतात. मात्र त्याच वेळी माणूस मात्र वेडाच राहतो, याकडे बोट दाखवतात. यंत्राची क्षमता त्यांनी नाकारलेली नाही. कागदाचे शहाणपण आणि माणसाचे शहाणपण या भिन्न गोष्टी आहेत, एवढाच भेद त्यांनी केला. माहितीच्या साठ्यात वाढ झाली म्हणजे विवेकात वाढ झाली असे समजणाऱ्या पुढच्या प्रत्येक काळाला हा भेद पुन्हा शिकावा लागला आहे.

या मताला त्यांच्या चरित्रात एक विलक्षण उत्तरकथा लाभली. ग्रामोफोनवरील ध्वनिमुद्रण भारतात १९०२ पासून सुरू झाले होते आणि मुंबईतून १९२७ साली नभोवाणीचे प्रक्षेपण होऊ लागले होते. तरीही बहिणाबाईंची गाणी टिकली ती हाताने लिहिलेल्या कागदामुळे. पुढे कवी म्हणून नाव मिळवलेले त्यांचे पुत्र सोपानदेव (१९०७–१९८२) आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी यांतील काही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. जी टिपली गेली नाहीत ती कामाबरोबर विरून गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे जळगाव येथे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखून प्रकाशनाचा आग्रह धरला, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. ज्या यंत्राविषयी त्यांनी संयत शंका व्यक्त केली होती, त्याच यंत्राने त्यांना महाराष्ट्रभर नेले. छापील पुस्तक त्यांनी पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी त्यांना ते वाचता आले नसते.

छापखान्याचे हे ऋण मोठे आहे, परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. घरोटाबरोबर गाइलेली ओवी पुस्तकात शांत झाली. तिच्याबरोबरची घरघर, थांबे, आळवणी आणि प्रसंगानुसार बदलणारे शब्द कागदावर उतरले नाहीत. मौखिक रचनेला अनेक पाठ असतात, मुद्रणाने त्यांतला एक स्थिर केला. लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, त्यामुळे डोळा हा डोया होतो आणि मंगळसूत्र हे मंगयसूत्र होते. अशा बोलीचे नागरी लेखनात रूपांतर करताना लेखनिकाला पावलोपावली निवड करावी लागते. संहितेवर टिपून घेणाऱ्या आणि संपादणाऱ्या हातांचा संस्कार किती झाला, हा अभ्यासकांनी उपस्थित केलेला प्रश्न येथूनच निर्माण होतो. तो बहिणाबाईंच्या श्रेष्ठत्वावरचा आक्षेप मानण्याचे कारण नाही. गळ्यातून कागदावर येणाऱ्या प्रत्येक वाङ्मयाला तो विचारावाच लागतो.

पुढील माध्यमांनी हा प्रवास चालू ठेवला. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी पुन्हा कानापर्यंत आली. नंतर यशवंत देव यांचे संगीत आणि उत्तरा केळकर यांचा आवाज यांतून ती ध्वनिफितींवर घरोघर पोचली. आज ती मोबाइलच्या पडद्यावर क्षणात उपलब्ध होतात, बहुधा संदर्भाशिवाय, अनेकदा प्रमाण मराठीकडे झुकलेल्या लेखनात. दरम्यान विजेवरच्या पिठाच्या गिरणीने घरातले जाते थांबवले. त्यामुळे स्त्रियांच्या खांद्यावरचे एक अवघड ओझे उतरले, याबद्दल खंत करणे अन्यायाचे होईल. मात्र त्याबरोबर ओवीचा प्रसंगही गेला, आणि आता या गाण्यांना ऐकणारे पुष्कळ असले तरी दळता दळता त्यांत भर घालणारे उरले नाहीत. माध्यम बदलले की वाङ्मयाचा प्रसार वाढतो आणि त्याचे जगणे बदलते, या दोन्ही गोष्टींची नोंद चरित्रकाराला सारख्याच तटस्थपणे करावी लागते.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली, आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. कधी शाळेत न गेलेल्या स्त्रीचे नाव आता दर वर्षी पदवीच्या कागदांवर छापले जाते. हा त्यांचा यथोचित गौरव आहे. परंतु छापल्याने शहाणा होतो तो कागद, हे त्यांनीच सांगून ठेवलेले असल्यामुळे ते कागद देणाऱ्यांवर आणि घेणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. त्यांचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठात त्यांच्या बोलीतील गाणी अजून दळणाऱ्या-कांडणाऱ्या पिढीकडून, ती पिढी असेपर्यंत, सर्व पाठभेदांसह ऐकून घेतली जावीत, हे त्या जबाबदारीतले पहिले काम ठरावे.